वेदीची शुद्धता आणि वेदीचा पत्ता

दक्षिण इस्राएलमधल्या बैर-शेबाच्या टेकाडावर १९७३ साली एका कोठाराची भिंत उकलताना उत्खनकांना वेगळ्याच जातीचे दगड दिसले. भिंतीतले बाकीचे दगड ओबडधोबड. हे मात्र छिन्नीने घडवलेले, काटकोनात बसणारे, आणि त्यांतल्या काहींच्या कोपऱ्याला वर निमुळते होत गेलेले शिंग. तीन शिंगे शाबूत, चौथे तोडलेले. एका दगडावर वळसे घेत गेलेला साप कोरलेला. योहानान अहारोनी यांच्या चमूने दगड जुळवले तेव्हा १५७ सेंटिमीटर उंचीची वेदी उभी राहिली. त्या काळच्या मोठ्या हाताच्या मापाने ही उंची तीन हात भरते, आणि बायबलातल्या निर्गम या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूवजा मंदिराच्या, वेदीला सांगितलेली उंचीही तीन हातच आहे. पण त्याच निर्गमच्या विसाव्या अध्यायात असेही बजावले आहे, की दगडाची वेदी करायची तर घडीव दगड वापरू नका. हत्यार लागले की वेदी भ्रष्ट झाली.

म्हणजे मापाने शास्त्राला धरून, घडणीने शास्त्राबाहेर, आणि अखेर कुणीतरी सुटी करून कोठाराच्या भिंतीत चिणलेली. प्रवचनांतून, धर्मशिक्षणाच्या वर्गांतून आणि यात्रेकरूंच्या माहितीपत्रकांतून जी गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते तिच्यात ही वेदी कुठेच बसत नाही. ती गोष्ट अशी: देवाने एक वेदी नेमून दिली, लोक भरकटून डोंगराडोंगरावर वेद्या बांधू लागले, मग हिज्कीया आणि योशीया या दोन धार्मिक राजांनी त्या पाडून उपासना पुन्हा शुद्ध केली. यातला 'पुन्हा' हा शब्द चुकीचा आहे. वेदी कशी बांधावी, कशी पवित्र राखावी याची काळजी इस्राएलच्या धर्मात जुनी आहे. वेदी एकाच ठिकाणी असावी हा हुकूम नंतरचा आहे, आणि तो राजधानीच्या सोयीचा आहे. पहिली गोष्ट शुद्धतेची, दुसरी पत्त्याची. दोन्ही एकाच शब्दात कोंबल्या की गावोगावच्या वेद्यांवर याहवेचीच, म्हणजे इस्राएलच्या देवाचीच, उपासना करणारी माणसे आपोआप मूर्तिपूजक ठरतात.

आधी 'वेदी' या शब्दाचेच पाहू. मराठी बायबलात तो इतका रुळला आहे की खटकत नाही. पण तो आपल्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे करतो. वैदिक यज्ञातली वेदी म्हणजे उथळ खणलेली, दर्भ अंथरलेली जागा, जिच्यावर हविर्द्रव्ये ठेवायची. अग्नी वेगळ्या कुंडात. हिब्रू शब्द आहे 'मिझ्बेआख', आणि त्याचा धातू 'झाबाख', म्हणजे कापणे, बळी देणे. अर्थ सरळ आहे: कापण्याची जागा. पुढे कापणे वेदीच्या शेजारी आणि जाळणे वेदीवर अशी विभागणी झाली, तरी शब्दातले रक्त गेले नाही.

ते रक्त किती महत्त्वाचे होते हे १ शमुवेलच्या चौदाव्या अध्यायात दिसते. पलिष्टी शत्रूंचा पाठलाग करून राजा शौलाचे सैन्य दमलेले, दिवसभर उपाशी. संध्याकाळी लुटीतली मेंढरे-गुरे हाती लागताच सैनिकांनी ती जमिनीवरच कापली आणि रक्तासकट खायला सुरुवात केली. शौलाला कळले तेव्हा त्याने उपदेश केला नाही. एक मोठा धोंडा लोटत आणा, म्हणाला, आणि प्रत्येकाने आपला बैल, आपले मेंढरू इथे आणून कापा. जमिनीवर कापलेले जनावर आपल्याच रक्तात पडून राहते. धोंड्यावर कापले की रक्त निथळून खाली जाते. शौलाने याहवेसाठी बांधलेली ही पहिली वेदी, असे तिथेच लिहिले आहे. ना याजक, ना मंडप, ना यरुशलेम. रानातला एक धोंडा, आणि कथाकाराला त्यात काहीही वावगे वाटत नाही.

निर्गमच्या विसाव्या अध्यायातला नियम याच जगातला आहे. वेदी मातीची करा. दगडाची केलीत तर अनघड दगडांची. पायऱ्या नकोत, कारण वर चढणाऱ्याची नग्नता वेदीवर उघडी पडेल. (तेव्हाचा पोशाख म्हणजे कमरेभोवतीचे वस्त्र. याजकांना तागाच्या चोळण्या घालायला सांगणारा नियम अठ्ठाविसाव्या अध्यायात येतो, आणि यहेज्केलाने दृष्टान्तात पाहिलेल्या वेदीला तर पूर्वेकडून चक्क पायऱ्या आहेत.) आणि याच नियमात पुढे म्हटले आहे, की ज्या ज्या ठिकाणी मी माझ्या नावाचे स्मरण करवीन तिथे येऊन मी तुला आशीर्वाद देईन. ज्या ज्या ठिकाणी. हा एका पत्त्याचा नियम नाही. वेदी कशाची आणि कशी, एवढेच त्याला सांगायचे आहे.

हत्याराला मनाई का, याचे कारण निर्गम देत नाही, पण त्याने वापरलेला शब्द 'हेरेब' आहे आणि त्याचा नेहमीचा अर्थ तलवार. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात, यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या आठवणी सांगताना, कारण दिले आहे: लोखंड माणसाचे आयुष्य तोडायला निर्माण झाले, वेदी ते वाढवायला; तोडणारे वाढवणाऱ्यावर उगारू नये. म्हणून वेदीचे दगड बेथ-केरेमच्या खोऱ्यातून, कधी न उकरलेल्या जमिनीखालून काढत. दगडाला लोखंडाचा नुसता स्पर्शही चालत नसे. वल्हांडण आणि मंडपांचा सण अशी वर्षातून दोनदा वेदीला चुन्याची सफेदी होई, आणि तीही लोखंडी थापीने नाही, चुकून थापी दगडाला लागली तर काय करणार?

या वेदीची मापेही मिश्नेत आहेत. तळ बत्तीस हात लांब, बत्तीस हात रुंद. एक हात वर चढून एक हात आत, मग पाच हात वर आणि पुन्हा एक हात आत. चार कोपऱ्यांवर शिंगे, त्यांच्या आत याजकांना फिरायला हातभर वाट, आणि मधोमध चोवीस हात चौरस जळती जागा. मध्यावर चौफेर तांबडी रेघ: काही बळींचे रक्त रेघेच्या वर लावायचे, काहींचे खाली, चूक झाली तर बळी फुकट. नैर्ऋत्य कोपऱ्यात नाकपुड्यांसारखी दोन बारीक भोके होती. त्यांतून रक्त पन्हळात उतरून किद्रोनच्या ओढ्याकडे जाई. तिथे माळी ते खत म्हणून विकत घेत, आणि पैसे न देता नेले तर देवस्वाचा अपहार ठरे. लाकूड जैतुनाचे आणि द्राक्षवेलीचे सोडून कुठलेही चाले, पण किडके चालत नसे. ते निवडायचे काम अंगात व्यंग असलेल्या याजकांकडे. त्यांना वेदीवर चढायला बंदी होती. ते लाकडाच्या दालनात बसून ओंडका न् ओंडका तपासत.

पहाटे राख उपसायचा मान कुणाला, यावरून वेदीच्या उतरणीवर शर्यत लागे. एकदा दोघे बरोबरीने धावत असता एकाने दुसऱ्याला ढकलले आणि त्याचा पाय मोडला. तेव्हापासून चिठ्ठ्या टाकणे सुरू झाले. पवित्र कामातली धक्काबुक्की मिश्नेने लपवली नाही, हे तिचे मोठेपण म्हणायला हवे.

यापेक्षा जुना, बायबलातल्या लेवीय या ग्रंथामधला व्यवहार पाहिला तरी स्वभाव हाच. होमबली असा: अर्पण करणाऱ्याने जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा, मेंढरू किंवा बकरा असेल तर वेदीच्या उत्तर बाजूला कापायचा, याजकांनी रक्त वेदीवर चहूबाजूंनी शिंपडायचे, कातडे सोलायचे, तुकडे करायचे, आतडी आणि पाय पाण्याने धुवायचे, लाकडे रचून डोके आणि चरबी त्यावर मांडायची, आणि सगळे जाळायचे. धुण्याची पायरी चुकली तर शेण वेदीवर जाते. अन्नबलीत खमीर नको, मध नको. मीठ प्रत्येक अर्पणात हवेच. शांत्यर्पणाचे मांस त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खायचे; तिसऱ्या दिवशी उरले तर जाळून टाकायचे, खाल्ले तर सारे अर्पण बाद. उष्ण हवेत तिसऱ्या दिवशीच्या मांसाचे काय होते हे सांगायला शास्त्र लागत नाही. रात्रभर धुमसलेली राख सकाळी तागाचे कपडे घालून काढायची, वेदीशेजारी ठेवायची, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर स्वच्छ जागी न्यायची. आग विझू द्यायची नाही.

आणि इतके करूनही वेदी मळते. लेवीयच्या सोळाव्या अध्यायात, प्रायश्चित्ताच्या दिवशी, बैलाचे आणि बकऱ्याचे रक्त वेदीच्या शिंगांना लावून, बोटाने सात वेळा शिंपडून खुद्द वेदी शुद्ध केली जाते, लोकांच्या अशुद्धतेपासून. जेकब मिल्ग्रोम या अभ्यासकाने यावरून मांडले, की ज्याला आपण 'पापबली' म्हणतो तो मुळात पवित्रस्थान धुण्याचा विधी आहे. चूक माणसाची, डाग मंदिरावर. चूक जितकी मोठी तितका डाग आत खोल: साध्या माणसाची आणि सरदाराची चूक अंगणातल्या वेदीच्या शिंगांपर्यंत पोचते, मुख्य याजकाची किंवा साऱ्या मंडळीची थेट आतल्या धूपवेदीपर्यंत. लेवीयच्या चौथ्या अध्यायात रक्त कुठे लावायचे ते ज्या क्रमाने बदलत जाते, तो पाहिला तर हे म्हणणे पटते.

मराठी वाचकाला इथे सोवळे-ओवळे आठवणारच. साम्य वरवरचे आहे आणि फरक मोठा. लेवीयमधला विटाळ जन्माने चिकटत नाही. बाळंतपण, स्राव, त्वचारोग, प्रेताचा स्पर्श यांनी तो येतो, राजापासून गुराख्यापर्यंत कुणालाही येतो, आणि ठरल्या मुदतीत जातो: कधी अंघोळ करून संध्याकाळपर्यंत, कधी सात दिवसांनी. विटाळलेल्या माणसाने पाप केलेले नसते. मेलेल्या बापाला पुरणे हे तर कर्तव्यच. गुन्हा होतो तो त्या अवस्थेत पवित्र वस्तूला हात लावला तर. याजकपद मात्र जन्मानेच मिळे, हेही सांगून टाकायला हवे.

कुणी म्हणेल, लेवीय तर एकाच दर्शनमंडपाभोवती रचलेले आहे, सतराव्या अध्यायात मंडपाबाहेर कापायलाच बंदी आहे. खरे आहे. पण रक्त, चरबी, राख, मीठ हा व्यवहार कुठल्याही वेदीचा आहे, आणि जमिनीने त्याला दुजोरा दिला आहे. यरुशलेम राजधानी असलेल्या यहूदा राज्याच्या दक्षिण सीमेवर अराद नावाचा किल्ला होता. १९६२ ते १९६७ या काळात तिथे अहारोनींनी खोदले आणि किल्ल्याच्या आत एक मंदिर निघाले. अंगणातली वेदी माती आणि अनघड दगडांची, निर्गमच्या नियमाबरहुकूम. आत गाभाऱ्याच्या पायऱ्यांवर चुनखडीच्या दोन धूपवेद्या आणि एक उभा दगड. किल्ल्यात सापडलेल्या खापरांवरच्या मजकुरांत पशहूर, मरेमोथ अशी बायबलमधून याजकघराण्यांची म्हणून ओळखीची नावे आहेत. हे कुणा परक्या देवाचे ठाणे नव्हते; राज्याच्याच किल्ल्यातले, याहवेचे मंदिर होते.

२०२० साली त्या दोन धूपवेद्यांवरच्या काळ्या थराचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध झाले. मोठीवर ऊद आणि जनावराची चरबी. छोटीवर भांग आणि जनावराचे शेण. चरबीने आच वाढते, ती उदाला लागते. शेणाची धग मंद, ती भांगेला पुरते. गोवरीवर धूप घालणाऱ्या कुणालाही हे गणित समजेल. निर्गमच्या तिसाव्या अध्यायातल्या धूपाच्या पाककृतीत चार सुगंधी द्रव्ये समभाग आणि मीठ आहे. भांगेचे नाव नाही. अरादच्या याजकांना हे अशुद्ध वाटले असते तर त्यांनी ते गाभाऱ्याच्या तोंडाशी जाळले नसते. त्यांची शुद्धतेची कल्पना वेगळी होती, कमी नव्हती.

मग एका पत्त्याचा हुकूम आला कुठून? बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातून. तिथे म्हटले आहे, की याहवे आपले नाव ठेवायला जे स्थान निवडेल तिथेच होमबली न्या, दिसेल त्या ठिकाणी अर्पू नका. 'ज्या ज्या ठिकाणी' ते 'त्या एकाच ठिकाणी' हा बदल इतका ठळक आहे, की जर्मन अभ्यासक डी वेट्टे यांनी १८०५ सालीच सुचवले: योशीयाच्या कारकिर्दीत, अठराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२२च्या सुमारास मंदिरात 'सापडलेला' नियमग्रंथ म्हणजे अनुवाद, किंवा त्याचा गाभा. दोन शतकांत या मतावर पुष्कळ वाद झाले, पण निर्गमचा वेदीनियम आधीचा आणि अनुवादचा नंतरचा, हा क्रम बहुतेकांनी धरून ठेवला आहे.

या बदलाचा पहिला हिशेब चुलीपाशी लागतो. पूर्वी घरचे मेंढरू कापायचे म्हणजे जवळच्या वेदीवर नेणे. रक्त तिथे, चरबी तिथे, मांस घरी. आता जवळची वेदीच नाही. सणाखेरीज कुणी मेंढरू घेऊन दोन-तीन दिवस चालत यरुशलेमला जाईल का? म्हणून त्याच बाराव्या अध्यायात मोकळीक द्यावी लागली: आपापल्या गावात हवे तेव्हा कापून खा, हरिण खातो तसे, शुद्ध-अशुद्ध कुणीही; फक्त रक्त खाऊ नका, पाण्यासारखे जमिनीवर ओता. उपासना शुद्ध करण्याच्या नावाखाली रोजचे मांस उपासनेतून बाहेर काढले गेले. शौलाच्या धोंड्याची गरजच संपली. याला शुद्धीकरण म्हणायचे की धर्माचा संसारातून काढता पाय, हे ज्याने त्याने ठरवावे. पण 'जुन्याकडे परतणे' तरी म्हणू नये.

दुसरा हिशेब गावच्या याजकांचा. अनुवादच्या अठराव्या अध्यायात आश्वासन आहे, की गावाकडचा लेवी, म्हणजे याजकवंशातला माणूस, मध्यवर्ती स्थानी आला तर त्याला तिथल्या भाऊबंदांसारखीच सेवा आणि सारखाच वाटा मिळेल. २ राजेच्या तेविसाव्या अध्यायात प्रत्यक्ष काय झाले ते एका ओळीत आहे: उच्च स्थानांचे, म्हणजे गावोगावच्या डोंगरावरच्या वेद्यांचे, याजक यरुशलेमच्या वेदीवर चढले नाहीत, आपल्या भावांमध्ये बेखमीर भाकर मात्र खात राहिले. भाकर मिळाली, काम गेले. अनुवादात विधवा, अनाथ, परदेशी यांच्या यादीत 'तुझ्या वेशीतला लेवी' वारंवार का येतो, ते यावरून कळते. सुधारणेने बेकार केलेल्यांना सुधारणेच्याच ग्रंथात दानाच्या रांगेत उभे केले आहे.

सुधारकांची बाजू कच्ची होती असे नाही. कुंतिल्लेत-अज्रूद या वाळवंटी ठाण्यावरच्या रांजणांवर इ.स.पू. ८००च्या सुमारास 'शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा' असा आशीर्वाद लिहिलेला आहे. (शोमरोन ही उत्तरेच्या राज्याची राजधानी, अशेरा हे एका देवीचे नाव.) गावोगावी काय मिसळत होते हे राजधानीला माहीत होते. हिन्नोमच्या खोऱ्यात मुले अग्नीत दिली जात, आणि योशीयाने ती जागा भ्रष्ट केली याबद्दल कुणी हळहळावे असे नाही. होशेयसारखा उत्तरेचा संदेष्टाही म्हणतो, की एफ्राईमने, म्हणजे उत्तरेच्या राज्याने, वेद्या वाढवल्या त्या पाप करायलाच. एकवेदीवाद्यांचा हा सर्वांत भक्कम पुरावा. पण होशेय त्यावर उपाय म्हणून यरुशलेमला जा असे कुठेही सांगत नाही. त्याला यज्ञापेक्षा दया आणि देवाचे ज्ञान हवे आहे. यशया तर थेट यरुशलेमच्याच मंदिराला सुनावतो: तुमचे हात रक्ताने भरले आहेत. वेदी एकच उरली तरी तिच्यावर काय चढते हा प्रश्न उरतोच. मलाखीच्या काळात एकमेव वेदीवर आंधळी, लंगडी जनावरे येत होती, आणि तो विचारतो, हेच तुझ्या सुभेदाराला नेऊन दे पाहू, तो खूश होईल का?

उलट बाजूचा पुरावा एलीया या संदेष्ट्याचा आहे. कर्मेल डोंगरावर त्याने याहवेची पाडलेली वेदी दुरुस्त केली, बारा दगडांनी, आणि होरेब डोंगरावर देवाकडे तक्रार केली की लोकांनी 'तुझ्या वेद्या' पाडल्या. अनेकवचन, आणि पाडणे हाच गुन्हा. सुमारे दीडशे वर्षांनी हिज्कीयाने यहूदातली उच्च स्थाने काढली तेव्हा अश्शूरी सरदार रब-शाके यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून विचारतो: ज्या देवावर भिस्त ठेवता त्याचीच उच्च स्थाने आणि वेद्या तुमच्या राजाने काढल्या ना? शत्रूचा सरदार खवचट होता, पण या वेद्या याहवेच्या होत्या हे त्याला ठाऊक होते. आजच्या माहितीपत्रकांना नाही.

तेव्हा खोदकामात मोडलेली वेदी सापडली की 'हिज्कीयाची सुधारणा सिद्ध झाली' अशी जी बातमी होते तिच्याकडे जरा सावध नजरेने पाहावे. कोणी मोडली याइतकेच, कशी मोडली हे पाहायला हवे. त्या काळी पवित्र वस्तू नुसती टाकून देऊन निकामी होत नसे. तिचे पावित्र्य हेतुपुरस्सर मारावे लागे, आणि त्याच्या ठरलेल्या रीती होत्या. शिंगे तोडणे: बेथेलच्या वेदीची शिंगे तुटून पडतील असे आमोस बजावतो. माणसांची हाडे जाळणे: योशीयाने बेथेलला तेच केले. जागेचा शौचकूप करणे: राजा येहूने बआल या परक्या देवाच्या मंदिराचे केले.

यहूदातल्या लाखीश नगराच्या वेशीतल्या खोलीत २०१६ साली शिंगे उडवलेली वेदी आणि भोक पाडलेले दगडी आसन सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा ही शेवटची रीत आठवणे साहजिक होते. आसन प्रत्यक्ष वापरलेले नव्हते, म्हणजे विटाळ प्रतीकात्मक होता, असे उत्खनकांचे म्हणणे. ती खोली मुळात देवस्थान होती का, इथपासून इतर पुरातत्त्वज्ञांनी शंका घेतली आहे. बैर-शेबात एक शिंग तुटलेले आहे, पण तिथे तरी वेदीचे दगड फक्त बांधकामाचा माल म्हणून वापरले गेले की मुद्दाम अवमान केला, हे भिंत सांगत नाही. आणि अरादला तर उलटेच. धूपवेद्या फोडलेल्या नाहीत. त्या हलक्या हाताने आडव्या निजवून वर माती लोटली आहे. शत्रू वेशीवर आल्यावर घरातले देव पुरून ठेवावेत तसे. हाडे नाहीत, घाण नाही, घण नाही. हे ज्यांनी केले त्यांना त्या वेद्या नकोशा नव्हत्या, असाच अर्थ माझ्या मते निघतो.

मोत्सा तर या साऱ्या गोष्टीवर पाणी ओतते. यरुशलेमपासून जेमतेम सात किलोमीटरवर, रस्तारुंदीकरणाआधीच्या खोदकामात २०१२ साली, तिथे मोठे मंदिर निघाले: अंगण, अनघड दगडांची वेदी, माणसांच्या आणि घोड्यांच्या मातीच्या मूर्ती. उत्खनकांच्या मते ते इ.स.पू. दहाव्या शतकाच्या अखेरीस किंवा नवव्याच्या आरंभी बांधले गेले आणि सहाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालले. म्हणजे हिज्कीया आला-गेला, योशीया आला-गेला, आणि राजवाड्यापासून सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येईल अशा ठिकाणचे मंदिर उभेच राहिले. मग सुधारणा खोटी होती का? तसे नाही. ती कागदावर जितकी होती तितकी जमिनीवर नव्हती, आणि एकवेदीचे खरे काम अर्धेअधिक अश्शूरचा राजा सन्हेरीब याने केले. इ.स.पू. ७०१मध्ये त्याने यहूदातली ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे तो स्वतःच लिहून ठेवतो. गावेच उद्ध्वस्त झाल्यावर गावच्या वेद्या कुठून राहणार? यरुशलेम तेवढे वाचले, आणि वाचले तेच देवाने निवडलेले होते असे म्हणणे सोपे झाले.

नंतरसुद्धा एक पत्ता सर्वांना मान्य नव्हता. नाईलमधल्या एलिफंटाईन बेटावर यहुदी शिपायांची वसाहत होती आणि तिचे याहोचे, म्हणजे याहवेचेच, मंदिर होते. इ.स.पू. ४१०मध्ये शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकाऱ्याला हाताशी धरून ते पाडले. वसाहतीने यरुशलेमच्या मुख्य याजकाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. इ.स.पू. ४०७मध्ये त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला, बगोहीला, लिहिले: आम्ही तेव्हापासून गोणपाट नेसतो, उपास करतो, तेल लावत नाही, द्राक्षारस पीत नाही. परवानगी आली ती मोजून-मापून: मंदिर होते तिथे बांधा, अन्नबली आणि धूप अर्पा. होमबलीचा उल्लेखच नाही. धूर चालेल, रक्त नको. शुद्धतेचा वाद असता तर मंदिरच नाकारले असते. इथे फक्त कापण्याचा मक्ता राखला गेला.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची गोष्ट यापुढची. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' शतकानुशतके वेदीवाचून, मंदिरावाचून, बराच काळ प्रार्थनामंदिरावाचूनही राहिले. त्यांनी सांभाळले ते शब्बाथ, सुंता, शेमाची प्रार्थना आणि खवले-पर असलेलाच मासा. एलीया संदेष्ट्याच्या नावाने गोड पोहे, खोबरे आणि फळांचे मलिद्याचे ताट मांडायचे, आशीर्वाद म्हणायचा आणि वाटून खायचे. कर्मेलावर वेदी दुरुस्त करणाऱ्याच संदेष्ट्याचे नाव अलिबागच्या आसपास ताटावर घेतले जाते, यात मला तरी विसंगती दिसत नाही. इ.स. ७०मध्ये मंदिर जळल्यावर साऱ्या यहुद्यांनी हेच केले; भाकर मिठात बुडवून खाण्याची चाल वेदीवरच्या मिठाशी जोडली गेली. पत्ता गेला तरी शुद्धता चालू राहिली, कारण ती मुळात पत्त्यावर उभी नव्हती.

वेदी बिघडली तर काय करायचे याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर मक्काबी या यहुदी बंडखोर घराण्याने दिले. इ.स.पू. १६७मध्ये ग्रीक राजा अंतियोखस चौथा याच्या माणसांनी यरुशलेमच्या वेदीवर परक्या देवाला बळी दिले. तीन वर्षांनी यहूदा मक्काबीने मंदिर परत मिळवले तेव्हा प्रश्न उभा राहिला: या दगडांचे काय? ते वापरणे अशक्य, कारण भ्रष्ट झालेले. फोडून टाकणेही अशक्य, कारण शतकानुशतके पवित्र असलेले. त्यांनी ती वेदी उतरवली, अनघड दगडांची नवी बांधली, आणि जुने दगड मंदिराच्या टेकडीवर योग्य जागी ठेवून दिले, कुणी संदेष्टा येऊन निकाल देईपर्यंत. मिश्नेत ती जागा सांगितली आहे. रात्रपाळीच्या याजकांच्या शेकोटीच्या मोठ्या दालनाला चार खोल्या लागून होत्या: एकीत बळीची कोकरे, दुसरीत समर्पित भाकरी करणारे, तिसरीतून खाली न्हाणीकडे जिना, आणि चौथीत, ईशान्य कोपऱ्यात, ते दगड. वडीलधारे याजक किल्ल्या हातात घेऊन निजत, पोरे जमिनीवर. दोनशेहून जास्त वर्षे ते दगड तसेच पडून होते, आणि निकाल द्यायला कुणी आले नाही.